बॅरलला क्रायो करून घ्यायचं का? पैसे देण्याआधी हे बघा

अमेरिकेतले शूटर म्हणतात रायफलचं बॅरल क्रायो केलं, म्हणजे लिक्विड नायट्रोजनने अतिथंड करून आणलं, की ग्रुप आवळतो (गोळ्यांची भोकं जवळजवळ पडतात), नळी जास्त टिकते, आणि आता आपल्याकडची पोरंही विचारायला लागलीत म्हणून लिहितोय. शूटर म्हणाल तर मी क्लबात .२२ मारतो तेवढाच, पण भोसरीत हीट ट्रीटमेंटमध्ये केस पांढरे झालेत आणि सबझिरो, म्हणजे स्टील शून्याखाली गार करणं, हे आमचं रोजचंच काम.

पहिलं म्हणजे स्टील कुठलं ते विचारा, अर्धं उत्तर तिथंच आहे. डी२ या टूल स्टीलच्या पंच-डायला (पत्रा कापायच्या साच्यांना) क्रायोचा फायदा होतो यात वादच नाही. त्यात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा, त्यामुळे क्वेंच केल्यावर (तापवून झटकन गार केल्यावर) सगळं मार्टेन्साइट, म्हणजे स्टीलचं कडक रूप, होत नाही, बरंच ऑस्टेनाइट, म्हणजे तापल्यावरचं रूप, मऊच राहून जातं. लिक्विड नायट्रोजन उणे १९६ डिग्रीला उकळतं, त्याच्या वाफेत जॉब हळूहळू गार करत उणे १८५ च्या आसपास नेला आणि दिवसभर ठेवला की ते राहिलेलं बदलतं, मग परत टेंपर (बेताचं तापवून ठिसूळपणा काढणं). बॅरल मात्र सहसा ४१४० या मिश्र पोलादाचं नाहीतर ४१६आर स्टेनलेसचं. ४१४० मध्ये कार्बन जेमतेम ०.४ टक्के, त्याचं मार्टेन्साइट रूम टेंपरेचरच्या बरंच वरच होऊन जातं, आणि वर ६०० डिग्रीच्या आसपास टेंपर मारलेलं असतं. मग थंड करून बदलायला शिल्लक काय राहिलं?

मी एकदा गंमत म्हणून डी२ च्या पंचांच्या बास्केटमध्येच ४१४० चा एक तुकडा टाकला होता. चेंबर उघडला, पांढरी वाफ पायापर्यंत सांडली, टेंपर करून सगळं रॉकवेलला (कडकपणा मोजायच्या मशिनला) लावलं. पंच ५९ चे ६० झाले आणि आमचा तुकडा आधी ३०, नंतरही ३०. काटा हललाच नाही.

"पण स्ट्रेस निघतो ना" असं म्हणतात. बटण रायफलिंगमध्ये (कडक बटण नळीतून नेऊन आत आटे पाडतात त्यात) नळीत स्ट्रेस बसतो हे खरंय, नंतर बाहेरून टर्निंग केलं तर बोअर थोडा उघडतो सुद्धा, पण स्ट्रेस काढायला उष्णता लागते आणि चांगला मेकर ते भट्टीतच करून देतो. एकसारखं गार करून एकसारखं गरम केलं तर आतला ताण जाणार कुठं? टिकण्याचंही तसंच, घसा (गोळी नळीत शिरते तो भाग) खातो तो बारुदाचा गरम गॅस, .२२ ला तर तो त्रास जवळजवळ नसतोच.

मग लोकांना फरक का दिसतो? बॅरल काढलं, साफ केलं, परत बसवलं, स्क्रू नीट टॉर्कला आवळले, ग्रुप सुधारला आणि श्रेय क्रायोला. त्यात तीन गोळ्यांचा ग्रुप मारून निकाल लावायचा, तीन गोळ्यांत काय डोंबल कळणार. खरंच तपासायचं असेल तर एकाच लॉटची (एकाच बॅचची) काडतुसं घ्या, आधी दहा-दहाचे पाच ग्रुप मारा, मग बॅरल नुसतं काढून परत बसवा आणि पुन्हा पाच मारा, त्यानंतर क्रायो करून परत पाच. मधला टप्पा कोणी करत नाही आणि खरी गोम तिथंच असते.

एवढं सांगूनही करायचंच असेल तर नायट्रोजनमध्ये डायरेक्ट बुडवणाऱ्याकडे देऊ नका, कंट्रोल लावून तासातासाने उतरवणारा बघा आणि शेवटी टेंपर करतो का विचारा. कार्बन फायबर गुंडाळलेलं बॅरल अजिबात नको, रेझिनचं काय होईल सांगता येत नाही. आणि हो, आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्टमध्ये सुटे भाग पण शस्त्रच धरतात, त्यामुळे बॅरल घेऊन आमच्यासारख्या साध्या शॉपमध्ये येऊ नका, परत पाठवू. जे काही असेल ते लायसन्सवाल्या गनस्मिथमार्फतच.

स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं त्या ५० मीटरच्या इव्हेंटमध्ये दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ ची. तिथं पोहोचलेले लोक रायफल क्लॅम्पमध्ये धरून काडतुसाचे लॉट टेस्ट करतात, आपल्या नळीला चालणारा लॉट सापडला की तोच उचलतात. तुमच्या क्रायोच्या पैशात चार-पाच वेगळ्या लॉटचे डबे येत असतील तर आधी ते मारून बघा.