जुन्या कापडाचा फोटो एकदाच काढा, पण नीट काढा

म्युझियममधलं जुनं कापड जितक्या वेळा उलगडाल तितकं झिजतं, आणि उजेडाने उडालेला रंग काही केल्या परत येत नाही, म्हणून तर डिस्प्लेला साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर लाईट ठेवत नाहीत. त्यामुळे डिजिटल रेकॉर्ड करायला कापड बाहेर काढलंच आहे तर एकाच बैठकीत सगळं उरकून घ्या. पुढची बाजू, मागची बाजू (ही हमखास राहते! भरतकामाचे टाके, गाठी, जुनी रफू सगळं मागेच दिसतं), काठ, आणि एक फोटो बाजूने तिरपा लाईट टाकून, त्यात विणीचा उठाव आणि घड्या स्पष्ट दिसतात. फ्रेममध्ये कलर कार्ड (ठरलेल्या रंगांचे चौकोन असलेलं कार्ड) आणि स्केल हवंच, नाहीतर स्क्रीनवरचा लाल खरा किती लाल ते कुणालाच कळणार नाही.

फाईलला नाव देताना वस्तूचा नोंदणी क्रमांकच वापरा, 'लाल शाल फायनल 2' असलं काही नको. मूळ फाईल टिफ फॉरमॅटमध्ये (यात फोटोची क्वालिटी टिकते) जपायची, शेअर करायला जेपेग. ऑनलाईन टाकायला ओमेका किंवा कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर्स चांगली आहेत, आणि आयआयआयएफ (मोठे फोटो ऑनलाईन दाखवायचं एक खुलं स्टँडर्ड) वापरलंत तर बघणारा घरबसल्या एकेक धाग्यापर्यंत झूम करू शकतो, मग कापड परत परत बाहेर काढायची वेळच कमी येते. फोटोबरोबर वापराचं लायसन्स मात्र स्पष्ट लिहा, आणि कापड एखाद्या समाजाच्या धार्मिक विधीतलं असेल तर अपलोड करण्याआधी त्या लोकांना विचारा.