जुन्या हॉटेलात भूत शोधायला जाताय? या चुका टाळा

कोल्हापुरात जुन्या वाड्याचं लॉज झालं, की दोन गोष्टी आपोआप येतात: दारात तांबड्या-पांढऱ्याची पाटी आणि वरच्या मजल्यावर एक कुलूपबंद खोली. त्या खोलीत रात्र काढायचा नाद आम्हा तिघांना आहे. खालच्या सगळ्या चुका आम्ही स्वतः करून बसलोय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे इमारतीत पहिलं पाऊल अंधार पडल्यावर टाकणं. दिवसा जा. कुठली पायरी करकरते, टाकी कुठं आहे, मोटर किती वाजता सुरू होते, ते वहीत लिहून घ्या. एका ठिकाणी ‘रात्री जिन्यात पावलं वाजतात’ म्हणून आम्ही दोन रात्री जागलो. जिना सागवानी. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री आकसतं आणि टक, टक वाजतं. तिथला वॉचमन मामा हसून म्हणाला, “उन्हाळ्यात जास्त चालतंय बघा ते.” हे त्याला आधी विचारलं असतं तर निदान झोप तरी मिळाली असती.

उजेडाचंही तसंच. भिंतीवरून सरकणारी ‘पांढरी बाई’ निघाली वळणावर फिरणाऱ्या गाड्यांच्या हेडलाइटची. दारावरच्या रंगीत काचेतून तो झोत आत यायचा. किरणोत्सवात मावळतीचा किरण अंबाबाईच्या पायांवर, मग छातीवर, मग मुखावर कसा चढतो, हे मोजत उभं राहणाऱ्या गावाला खरं तर हे सांगायला लागू नये.

ईएमएफ मीटरचे, म्हणजे भूत शोधणारे वापरतात त्या विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राचे, दिवे लागले की ओरडू नका. तो वायरिंग, फ्रिज, इन्व्हर्टर सगळ्यांना दाद देतो आणि खिशातल्या मोबाइललाही. जाड दगडी भिंतीत रेंज कमी असते, त्यामुळे फोन जास्त जोर लावून टॉवरशी बोलतो आणि मीटर नाचतो. सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाका. मग मालकाला विचारून मेन स्विच बंद करा आणि पुन्हा मोजा. टेम्परेचर गनचाही घोळ असतो. ती हवेचं नाही, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवते. खिडकीच्या काचेवर धरली तर ‘थंड जागा’ सापडणारच. फ्लॅशच्या फोटोतले गोल ठिपके? लेन्ससमोरची धूळ.

रेकॉर्डिंगमध्ये आमची फजिती मोठी. पहाटे दोनच्या फाइलमध्ये खर्जातलं ‘जाऽऽ’ स्पष्ट ऐकू आलं, तिघांनाही. चौथ्याला काही न सांगता ऐकवलं, तर तो म्हणाला, “कुणाचं पोट गुरगुरतंय?” रात्री रस्सा मीच जरा जास्त ओढला होता. तेव्हापासून दोन नियम: खोकला, खुर्ची, पोट, काहीही वाजलं की तिथंच मोठ्यानं “हा मी” म्हणायचं. आणि फाइल ऐकताना प्रत्येकानं वेगळ्या कागदावर लिहायचं. ‘जा म्हणतंय बघ’ असं आधी सांगितलं की समोरच्याला ‘जा’च ऐकू येतं.

आता जिथं चूक महागात पडते ते. एखाद्या खोलीत सगळ्यांचंच डोकं धरत असेल, गरगरत असेल, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत असेल, तर कॅमेरा लावत बसू नका. बाहेर या. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का, खाली जनरेटर किंवा कोळशाची शेगडी आहे का, ते मोकळ्या हवेतून विचारा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. १९२१ साली विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञानं एका कुटुंबाची हकीकत छापली. घरात पावलं वाजत, माणसं दिसत. कारण निघालं घर तापवायच्या बिघडलेल्या भट्टीतून येणारा हाच वायू. त्या वायूचा अलार्म आमच्या बॅगेत सगळ्यात वर असतो.

गोष्टही तपासा. ‘इथं इंग्रज कलेक्टरनं फास घेतला’ असं आम्हाला एका मॅनेजरनं रंगवून सांगितलं. पण १९४९ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत कोल्हापूर संस्थान होतं. इथं इंग्रजांचा पोलिटिकल एजंट असे, पुढे रेझिडेंट. कलेक्टर आला कुठून? सिटी सर्व्हेतली मिळकत पत्रिका, पुराभिलेखागारातली कागदपत्रं यांत अर्धा दिवस घालवला, तर अर्ध्या कथा तिथंच गळतात.

शेवटची चूक अहवालातली. त्याच हॉटेलात पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी नोकरांना बोलवायची जुनी घंटा एकदाच वाजली. तार, उंदीर, वारा, खालचा ट्रॅफिक, सगळं पाहिलं. आणखी दोन रात्री बसलो. मॅनेजरला ‘भूत आहे’ असं लेखी हवं होतं, आमच्यातल्या एकाला ‘उंदीर’ लिहून मोकळं व्हायचं होतं. वहीत एवढंच आहे: कारण सापडलं नाही. खाली तारीख आणि तिघांच्या सह्या.