मँचेस्टरला मास्टर्सला चाललाय? पहिल्या सेमिस्टरबद्दल थोडं

जुलै-ऑगस्ट आला की सांगली-कोल्हापूरकडून कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, ताई मँचेस्टरला ॲडमिशन झालीय, काय काय आणू? कुकर आण, गोडा मसाला आण, सांगते मी सगळं, पण सामानाची खरंच काळजी करू नका, युनिव्हर्सिटीपासून थोडं पुढे रशोम भागात करी माइल म्हणून आपल्याकडच्या दुकानांचा-हॉटेलांचा रस्ता आहे, तिथे तूरडाळ, कढीपत्ता सगळं मिळतं. मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते वेगळंच होतं, म्हणून हे लिहितेय.

पहिल्या दिवशी मी गेट शोधत होते. शिवाजी विद्यापीठात कसं, आत शिरलं की कळतं आपण आत आलो. इथे ऑक्सफर्ड रोड सरळ मधून जातो, दोन्ही बाजूंना डिपार्टमेंट आणि मधून १४२, १४३ च्या बसेस. २००४ साली दोन युनिव्हर्सिट्या एकत्र होऊन आत्ताची ही झाली, विद्यार्थी चाळीस हजारांच्या वर, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गावच. हजेरी लागते, व्हिसामुळे ती गंभीरपणे घ्याच, पण तुम्हाला शिकवलेलं समजतंय का, हे कुणी घरी येऊन विचारणार नाही. मदत खूप आहे हो, पण मागितल्याशिवाय हातात पडत नाही, आणि आपल्याला मागायची सवय नसते.

माझं टाइमटेबल आलं तेव्हा मला आनंद झाला होता, आठवड्याला जेमतेम आठ-नऊ तास लेक्चर! मग कळलं की १५ क्रेडिटचं एक मॉड्यूल (म्हणजे एक विषय) म्हणजे १५० तासांचं काम धरलेलं असतं आणि लेक्चर त्यातला छोटासा भाग, बाकी सगळं वाचन तुमचं तुम्ही करायचं. मास्टर्सला असे १८० क्रेडिट्स असतात. रीडिंग लिस्ट बघून घाबरू नका, ती पूर्ण कुणीच वाचत नाही, आधी इसेन्शियल म्हणून जे दिलंय ते सेमिनारच्या, म्हणजे छोट्या गटातल्या चर्चेच्या तासाच्या, आधी वाचा, कारण सेमिनारला न वाचता गेलं तर दीड तास नुसतं बसून यावं लागतं.

आता मार्कांचं. ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. आपल्याकडे ऐंशी-नव्वद बघितलेल्या पोरांना ६४ बघून रडू येतं, तर रडू नका, ६४ चांगले असतात. मला पहिल्या निबंधाला ५२ होते. विषय माझ्या घरचा होता, ऊस, ठिबक आणि पाण्याचं वाटप, वीसेक संदर्भ दिले होते, रात्र-रात्र गिल्बर्ट लर्निंग कॉमन्स या युनिव्हर्सिटीच्या अभ्यासाच्या इमारतीत बसून लिहिलेला. फीडबॅकमध्ये लिहिलं होतं, वर्णन छान आहे, विश्लेषण कमी आहे. मला काही अर्थ कळेना. दोन आठवडे मी कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं तर शिकवणाऱ्या मॅडमना वाटेल हिला एवढंही येत नाही.

शेवटी त्यांच्या ऑफिस अवर्सला गेले. म्हणजे प्राध्यापक आठवड्यातून ठरलेल्या वेळी केबिनमध्ये विद्यार्थ्यांसाठीच बसतात, आणि बाहेर रांग वगैरे काही नव्हती, मी एकटीच! त्यांनी माझ्या निबंधाचं एक पान समोर ठेवलं, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, यातलं जे वाक्य तुझं स्वतःचं आहे त्याच्याखाली रेघ मार. अख्ख्या पानात मला दोन रेघा मारता आल्या. बाकी सगळं अमुक म्हणतो, तमुक म्हणतो. मग विचारलं, उसाला पाणी द्यावं की नाही, तुझं म्हणणं काय? मी दहा मिनिटं बोलत सुटले, आमच्या विहिरीचं, कारखान्याचं, पाळीच्या पाण्याचं सगळं. त्या म्हणाल्या, हे लिही, आणि मग बघ कुठला अभ्यासक तुझ्या बाजूचा आहे आणि कुठला नाही. पुढच्या निबंधाला ६८ आले. तेव्हापासून प्रत्येक असाइनमेंटच्या आधी मी तो रेघांचा प्रयोग करते, तुम्हीही करा.

ईमेल लिहिताना रिस्पेक्टेड सर लिहू नका, इथे नावानेच हाक मारतात. जीभ वळायला वेळ लागतो, माझी महिनाभर वळत नव्हती.

बाकीचं भराभर सांगते. व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, भरलेला असतो, वर्षाला ७७६ पौंड, तर आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, आजारी पडायची वाट बघू नका. टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करायचं नाही, दोन ठिकाणी करत असाल तर दोन्ही मिळून वीस, आणि मास्टर्सवाल्यांनो, उन्हाळ्यात डिझर्टेशन (शेवटचा मोठा प्रबंध) चालू असतं तो काळ सुट्टीत धरत नाहीत, या एका गैरसमजात लोक फसतात. खोली घेतली की त्याच दिवशी भिंती, गादी, ओव्हन सगळ्याचे फोटो काढून घरमालकाला मेल करा. माझ्या मैत्रिणीच्या डिपॉझिटमधून कार्पेटच्या जुन्या डागाचे पैसे कापायला निघाले होते, फोटो होते म्हणून सगळे परत मिळाले.

आणि डिसेंबर. चारच्या आतच सूर्य मावळतो तिथे. लेक्चर संपवून बाहेर यावं तर काळोख, पाऊस, बसस्टॉपवर सगळे गप्प उभे, त्या दिवसांत घरची आठवण फार येते हो. मी तेव्हा सकाळी उजेड असतानाच अर्धा तास चालून यायचे, आणि शुक्रवारी आम्ही चौघी-पाचजणी एकीच्या किचनमध्ये पिठलं-भात करायचो. त्यातली एक नायजेरियाची होती, तिला ठेचा आपल्यापेक्षा जास्त सोसायचा. आठवडाभर कुणाशी बोलावंसंच वाटलं नाही, झोप येईना, असं झालं तर युनिव्हर्सिटीची काउन्सेलिंग सर्व्हिस आहे, फुकट आहे. आणि सबमिशनच्या तारखेआधी आजारी पडलात, घरी काही झालं, तर मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेसचा, म्हणजे आपली अडचण कळवायचा, फॉर्म भरा, तारीख उलटून जायच्या आत भरा, कागदपत्रं जोडून.