टोकन आहेत, पण मत शून्य? आधी डेलिगेट करा

युनिस्वॅप, कंपाउंड किंवा ईएनएस या इथेरियमवरच्या क्रिप्टो प्रकल्पांचे टोकन (प्रकल्पाच्या निर्णयांवर मत देण्याचा हक्क देणारी डिजिटल नाणी) वॉलेटमध्ये असूनही मतदानाच्या पानावर तुमची ताकद शून्य दिसते. कारण एकच: हे टोकन डेलिगेट केल्याशिवाय, म्हणजे त्यांची मतं कुणाच्या पत्त्यावर मोजायची ते नोंदवल्याशिवाय, मतात धरले जात नाहीत, स्वतःच मत द्यायचं असलं तरीही.

१. टोकन एक्सचेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवर) असतील तर आधी स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्या.
२. प्रकल्पाच्या गव्हर्नन्सच्या (मतदानाच्या) पानावर वॉलेट जोडून 'डेलिगेट' निवडा आणि स्वतःच्याच वॉलेटचा पत्ता द्या. वेळ नसेल तर नियमित मत देणाऱ्या एखाद्या प्रतिनिधीचा द्या; टोकन तुमच्याकडेच राहतात, कधीही बदलता येतं.
३. गॅससाठी (इथेरियमवरच्या व्यवहाराच्या शुल्कासाठी) थोडं ईथर (इथेरियमचं चलन) ठेवा. मुंबईत दुपारी अमेरिका झोपलेली असते, तेव्हा गॅस बहुधा स्वस्त पडतो.

हे प्रत्येक प्रकारच्या टोकनसाठी एकदाच करायचं. नंतर त्याच वॉलेटमध्ये आलेले त्या प्रकारचे टोकन आपोआप धरले जातात.

खरी गफलत वेळेची होते. मतं मोजली जातात ती ठरलेल्या ब्लॉकवर (ब्लॉकचेनच्या नोंदवहीतल्या एका ठरावीक क्षणी), सोसायटीच्या निवडणुकीआधी मतदार यादी गोठवतात तशी. त्यानंतर डेलिगेट केलं तर त्या प्रस्तावापुरतं ते वाया, म्हणून प्रस्तावाची वाट न बघता आजच उरका. मुदत यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिलेली असली तर साडेपाच तास मिळवा: तिथली रात्रीची १२ म्हणजे आपली पहाटेची ५:३०.

स्नॅपशॉट या मतदानाच्या साइटवर मत द्यायला गॅस लागत नाही, फक्त वॉलेटची सही लागते. डेलिगेट करताना किंवा मत देताना 'अप्रूव्ह' मागणारी खिडकी आली तर नकार द्या. तिथे टोकन खर्च करायची परवानगी कुणालाच लागत नाही.