आभाळातून काही पडलं का बाप्पा? मग हे करा

२ एप्रिल २०२२, शनिवार, पाडव्याचा दिवस. गुढी उतरवून झाली होती, पुरणाचं जेवण अंगावर आलं होतं नि मी अंगणात खाटेवर आडवा पडलो होतो, तेवढ्यात पोट्टे बोंबलत आले, काका वर पाहा वर पाहा. पावणेआठचा सुमार असंल. मावळतीकडून उगवतीकडं आगीचे लोळ एकामागं एक चालले होते, घाई नाही गडबड नाही, वरात चालल्यासारखे. मोबाइल काढून कॅमेरा लावेस्तोवर अर्धी वरात पुढं निघून गेली, जो व्हिडिओ आला त्यात निम्मा वेळ आमच्या गोठ्याचं टिन दिसते नि मागून आईचा आवाज, आत या रे सगळे.

दहा मिनिटांत व्हॉट्सअपवर विमान जळालं, मिसाईल पडलं, उल्का आली, सगळं येऊन गेलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत जवळजवळ दहा फूट व्यासाचं, चाळीस किलोच्या वर भरंल असं लोखंडी वाटणारं कडं येऊन पडलं, नि दुसऱ्या दिवशी पवनपारकडं एक काळपट गोळा सापडला. कोणाला लागलं नाही हे नशीब. ते सामान पोलिस ठाण्यात गेलं, मग बंगळुरूहून इस्रोची माणसं आली नि तपासायला घेऊन गेली. पहिले त्याच संध्याकाळी न्यूझीलंडवरून उडालेल्या रॉकेटचं नाव घेतलं गेलं, कारण वेळ जवळपास जुळत होती. पण नुसती वेळ जुळून भागत नाही, वाट पण जुळावी लागते. जोनाथन मॅकडॉवेल म्हणून खगोलशास्त्रज्ञ आहेत, जगातल्या रॉकेटांचा हिशोब ठेवतात, त्यांनी सांगितलं का हा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडवलेला टप्पा, म्हणजे रॉकेटचा एक भाग, दिसते, तो त्याच सुमारास खाली यायचाच होता.

तेव्हापासून आमच्याकडं कोणाला वर काही दिसलं का माझ्याकडंच येतात, कारण मी पोलीस पाटलाचे अर्ज लिहून देतो नि पंच म्हणून सह्या करतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडं उडत्या तबकड्या तपासणारं वेगळं सरकारी ऑफिस नाही. फ्रान्समध्ये आहे, तिथल्या अंतराळ संस्थेत १९७७ पासून, लोकांच्या तक्रारी घेतात नि प्रत्येकीला अ, ब, क, ड सारखी चार अक्षरांतली एक चिकटवतात. पहिलं म्हणजे ओळख पटली, दुसरं म्हणजे बहुतेक पटली, चौथं म्हणजे सगळी माहिती असून पण कोडं सुटलं नाही. नि तिसरं, म्हणजे क, ते आपल्या कामाचं आहे, का सांगणाऱ्यानं धड काही सांगितलंच नाही तर तपासायचं काय. अमेरिकेच्या हवाई दलानं १९५२ ते १९६९ असं काम चालवलं, १२,६१८ नोंदी झाल्या, शेवटी ७०१ न उलगडलेल्या राहिल्या. आपल्याकडं हेच काम ठाणेदार, तहसीलदार, कलेक्टर ऑफिस, विमानतळवाले, हवाई दल नि इस्रो यांच्यात वाटून जाते. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर काहीतरी दिसलं तर विमानं थांबवली नि हवाई दलानं राफेल पाठवले. आपल्या वावरावर दिसलं तर राफेल येणार नाही, बीट जमादार येईल मोटरसायकलवर, नि तो जे कागदावर लिहील तेच पुढं बंगळुरूपर्यंत जाईल.

म्हणून दिसलं का आधी घड्याळ पाहा. मोबाइलवरचं, कारण ते नेटवर्कवरून बरोबर असते, भिंतीवरचं नाही. मग मनात एक-हजार-एक, एक-हजार-दोन असं मोजत राहा किती वेळ दिसलं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, नि हेच कोणी करत नाही. उल्का दोन-चार सेकंदात खलास होते, लय झालं तर पाच-सात, कारण ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं येते. रॉकेटचा तुकडा किंवा जुना उपग्रह सेकंदाला आठेक किलोमीटरनं येते, आडवा येते, तुटत तुटत येते, म्हणून मिनीट-दीड मिनीट दिसते. पाडव्याला ज्यांनी मोजलं असतं त्यांना तिथंच कळलं असतं का ही उल्का नाही. आणि अर्धा तास एका जागी उभं असंल तर तारा, ग्रह किंवा टॉवरचा दिवा.

आता आकार. कोणाला पण विचारा, थाळीएवढं होतं म्हणतात. शेजारचे नाना मे २०२३ मध्ये हेच म्हणत होते, मोहाच्या झाडावर थाळीएवढा दिवा, सायंकाळी अर्धा तास उभा राहते नि मग झाडात घुसते. मी त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी नेलं, गोठ्याच्या खुंट्याजवळ, पाय पण कालच्याच ठिकाणी ठेवायला लावले. दिवा हजर. म्हटलं नाना, हात पुरा लांब करा नि करंगळी उभी धरा. धरली. म्हटलं, दिवा करंगळीच्या मागं लपते का? एक डोळा मिटून पाहिलं नि गप्पच झाले, कारण नखाच्या टोकामागं सगळा दिवा गेला होता. शुक्राची चांदणी होती, त्या महिन्यात मावळतीला लखलखीत होती. नाना चिडले, म्हणाले शुक्र काय मी पाहिला नाही का कधी. त्यात नानाची काही चूक नाही, २०१२-१३ मध्ये लडाखला आपल्याच सैन्यानं चिनी ड्रोन समजून ३२९ वेळा नोंद केली होती नि भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी पाहिलं तर तो शुक्र नि गुरू निघाला.

तर माप असं घ्यायचं. हात लांब करून करंगळीची रुंदी म्हणजे साधारण १ अंश, बंद मूठ म्हणजे १०. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्याच अंशाचा असते, करंगळीमागं आरामात लपते, करून पाहा. वस्तू क्षितिजापासून किती मुठी वर होती, कोणत्या झाडाच्या किंवा टाकीच्या वर दिसली नि कोणत्या मागं गेली, हे लिहा. तुम्ही उभे होते तिथं दगड ठेवा. दिशेला उगवत-मावळत चालते, पण दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या कंपासनं त्या झाडाचा आकडा पण घ्या. दोन गावांतून असे आकडे आले का दोन रेघा मारून वस्तू कुठून गेली हे काढता येते, एका गावातून हजार माणसांनी सांगितलं तरी येत नाही. धमाका ऐकू आला असंल तर उजेड दिसल्यापासून किती सेकंदांनी ते लिहा, आवाज ३ सेकंदाला साधारण १ किलोमीटर चालते.

आणि एक, सगळ्यांनी पारावर बसून गप्पा मारायच्या आधी आपापलं लिहून घ्या. पारावर बसले का सगळ्यांची कथा एकच होते, जो मोठ्यानं बोलते त्याची.

व्हिडिओ काढताना झूम करू नका, झूम केला का दिवा फुगून गोल गरगरीत दिसते नि लोक त्याला तबकडी म्हणतात. खाली झाडाचा शेंडा, घराचं छप्पर काहीतरी फ्रेममध्ये ठेवा. आणि मूळ फाइल डिलीट करू नका, व्हॉट्सअपवरून फिरलेल्या व्हिडिओतली काढल्याची वेळ बहुतेक वेळा उडून जाते.

अर्ज करायच्या आधी घरच्या घरी चार गोष्टी तपासून घ्या नाहीतर ठाण्यात हसतात. स्टेलेरियम ॲपवर तारीख-वेळ टाकली का तेव्हा आकाशात कुठं काय होतं ते दिसते. माळेसारखे ओळीत दिवे चालले असतील तर स्टारलिंकचे इंटरनेटवाले उपग्रह, २०१९ पासून सोडून राहिले, नवीन सोडले का काही दिवस अशी रांग दिसते. लग्नसराईत ड्रोन नि कागदी कंदील. फ्लाइटरडारवर विमानं दिसतात, आपल्यावरून भरपूर जातात. नि सायंकाळी उंचावर पांढरा ठिपका चमकून राहिला असंल तर हवामान खात्याचा फुगा असू शकते, नागपूरहून सकाळ-सायंकाळ सोडतात, तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटते. खाली आपल्याकडं सूर्य बुडाला तरी तिथं ऊन असते म्हणून तो चमकते.

इथवर दिसण्याचं झालं. पडलं असंल तर मामला वेगळा.

हात लावू नका. मला माहीत आहे लावणार, पाडव्यानंतर फोटोत लोक त्या कड्याभोवती टेकून उभे होते, पण नका लावू. रॉकेटच्या काही टाक्यांत हायड्राझीनसारखं विषारी इंधन असते, थोडं पण उरलं असंल तर श्वासातून जाते. काळे दोऱ्यांनी गुंडाळल्यासारखे जे गोळे असतात ते बहुतेक वेळा दाबाखालचा हेलियम ठेवायच्या टाक्या असतात, वरचं आवरण कार्बनच्या धाग्याचं, हलकं नि चिवट, म्हणून वर सगळं जळते नि तेच शाबूत खाली येते. त्याचा धागा बोटात कुसासारखा घुसते. शंभर पावलं लांब राहा, वारा तुमच्याकडून वस्तूकडं जाईल अशा बाजूला. ढोरं हाकला. भंगारवाल्याला बोलावू नका, किलोचा भाव विचारू पण नका.

मग ११२ नाहीतर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ लावा, नि पोलीस पाटील नि तलाठ्याला कळवा. ठाणेदार येतो, स्टेशन डायरीला नोंद होते, स्फोटक असंल का म्हणून आधी बीडीडीएसवाले, म्हणजे पोलिसांचं बॉम्बशोधक पथक, पाहतात, मग पंचनामा. पंचनाम्यात काय पाहिजे ते तुम्हीच लक्ष ठेवून लिहून घ्या, रात्री टॉर्चवर लिहिताना जमादाराचं पण राहून जाते. गट नंबर, चतुःसीमा, मोबाइलवरचं लोकेशन, खड्डा झाला असंल तर लांबी-रुंदी-खोली, वस्तूचं माप टेपनं, तिच्यावर कोणते अक्षर-आकडे कोरले आहेत ते जसेच्या तसे, आजूबाजूचं गवत जळालं का, वास कसा होता, नि कोणी आधी हलवली का. हलवली असंल तर खरं सांगा, त्यात गुन्हा नाही, खोटं लिहिलं तर वस्तू कुठल्या बाजूनं आली हे पुढच्याला कधीच कळत नाही.

मग ठाणेदार वर कळवते, कलेक्टर ऑफिसातून इस्रोला जाते, नि जड सामान तोवर ठाण्याच्या आवारात ताडपत्रीखाली पडलं राहते. ते परत मिळंल ही आशा सोडा. १९६८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्या देशानं वस्तू सोडली त्यानं मागितली तर द्यावी लागते.

पण नुकसानीचा हक्क तुमचा आहे, हे कास्तकारांना कोणी सांगत नाही. १९७२ चा करार म्हणते का जमिनीवर नुकसान झालं तर सोडणारा देशच जबाबदार, चूक कोणाची हे पाहायचं नाही. मागणी केंद्र सरकारकडून जाते, वर्षाच्या आत करावी लागते. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडात पडला तेव्हा १९८१ मध्ये ३० लाख कॅनडियन डॉलर द्यावे लागले. तुमचा गोठा नि दोन शेळ्या गेल्या तर इतके नाही मिळणार, पण तलाठ्याचा पंचनामा नसंल तर मागायलाच काही नाही.

सगळ्या पडलेल्या गोष्टी रॉकेट नसतात. थर्माकोलचा डबा, फाटलेलं रबर, दोरा असं असंल तर हवामानाचा फुगा. पॅराशूट नि मोठी पेटी असंल तर हैदराबादहून टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेवाले जे मोठे फुगे सोडतात त्यांची असू शकते, ते आधीच कळवतात का उघडू नका, पोलिसांना सांगा, बक्षीस देऊ. आमच्याकडं एकदा थर्माकोलचा डबा पडला, मी चांगुलपणानं एका ऑफिसात घेऊन गेलो तर त्यांनी दुसऱ्याकडं पाठवलं, त्यांनी तिसऱ्याकडं, तिथला बाबू म्हणे आधी आवक नंबर आणा. दीडशे रुपयाचं पेट्रोल जळालं. तेव्हापासून डबा मी नेत नाही, अर्ज नेतो दोन प्रतीत नि पोच घेतो.

दगड असंल नि वरून डांबरासारखी पातळ काळी साल असंल, आकाराच्या मानानं जड असंल, चुंबक ओढत असंल तर उल्का असू शकते. २२ मे २०१२ ला भर दुपारी काटोलला अशाच पडल्या होत्या, बऱ्याच तुकड्यांत. धुऊ नका, हळद-कुंकू लावू नका, शेंदूर तर नाहीच, स्वच्छ पिशवीत ठेवून नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑफिसला कळवा.

राहिलं वावर. इस्रोची माणसं लगेच येत नाहीत, आठवडा पण लागते, नि तोवर उन्हाळी नांगरटीचे दिवस असतात. खड्ड्याभोवती खुंट्या ठोकून दोरी बांधा, तेवढा तुकडा सोडून बाकी नांगरा. तेवढा पण नांगरायचा असंल तर ठाणेदाराला विचारा, नि हो म्हटलं तर कागदावर घ्या.