जुनी मोटरहोम घेताय? आधी तिच्यात चहा करून बघा

आमच्याकडे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, बघायला जायचं म्हणजे कामाची वाटणी ठरलेली. नवरा बॉनेट उघडून इंजिनात डोकं घालणार आणि मी किचनमध्ये शिरणार. दीड-दोन वर्षं न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड असं फिरून अकरा जुन्या गाड्या बघितल्या, बारावी घेतली, आणि त्या अकरातल्या निम्म्या तरी मी किचनवरूनच बाद केल्या. नवऱ्याला सुरुवातीला वाटायचं ही उगाच ओट्याचा रंग बघत बसलीये. पण गॅस, पाणी, करंट, फ्रीज, गाडीतल्या घराच्या जेवढ्या म्हणून भानगडी आहेत त्या सगळ्या त्या पाच-सहा फुटांत येऊन मिळतात. इंजिनाचं एवढं टेन्शन नसतं, फोर्डच्या ई-४५० व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम (हिला क्लास सी म्हणतात) असेल तर २०१९ पर्यंतचं ते व्ही-१० इंजिन कुठलाही मेकॅनिक ओळखतो, पार्टही मिळतात. घराचा भाग मात्र स्टेपल मारलेल्या प्लायवूडचा असतो आणि तो रस्त्यावर रोज भूकंप खातो.

तर माझी पद्धत अशी की त्या गाडीत चहा करायचा. खरंच. दूध, साखर, आलं, पावडर, पातेलं, गाळणं घरून न्यायचं आणि विकणाऱ्याला आधीच सांगायचं की आम्हाला दोन तास लागतील. जो म्हणतो वीस मिनिटांत उरका, त्याच्याकडे जाऊच नका, पेट्रोल वाचेल.

जायच्या आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी सांगायच्या. पाण्याच्या टाकीत थोडं तरी पाणी भरून ठेवा, प्रोपेन गॅस असू दे, आणि फ्रीज आज रात्रीच गॅसवर लावून ठेवा. थंडीत बरेच जण म्हणतात की गाडी विंटराइझ केलीये, पाइपात गुलाबी अँटीफ्रीझ आहे, पाणी सोडता येणार नाही. हे खोटं नसतं, इथे बर्फाच्या दिवसांत ते करावंच लागतं, नाहीतर पाइप फुटतात. पण मग आपण म्हणायचं ठीक आहे, एप्रिलमध्ये येतो. पाणी न चालवता घेतलेली गाडी म्हणजे झाकलेली मूठ.

फ्रीजचं जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. जुन्या गाड्यांमधला फ्रीज आपल्या घरच्यासारखा नसतो, त्यात कॉम्प्रेसरच नसतो. मागच्या नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतं, खालून गॅसची ज्योत नाहीतर करंटची कॉइल ते तापवते आणि त्या तापण्यातून आत गार होतं. ऐकायला उलटं वाटतं पण आहे तसंच. ह्याला दोन अटी, एक म्हणजे गाडी बऱ्यापैकी लेव्हलमध्ये पाहिजे, आणि दुसरी म्हणजे धीर पाहिजे, गार व्हायला आठ-दहा तास सहज जातात. म्हणून आदल्या रात्रीचा फोन. उताराच्या ड्राइव्हवेवर महिनोन्महिने फ्रीज चालू ठेवलेली गाडी दिसली तर माझ्या मनात लगेच शंका येते कारण वाकड्या गाडीत चालवून कूलिंग युनिट जळतं.

गेल्या गेल्या एक थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवून द्यायचा, निघताना बघायचा, ४० फॅरनहाइटच्या खाली पाहिजे, म्हणजे साधारण ४ सेल्सियस. एका ठिकाणी दार उघडलं तर मस्त गार, मी खूश, फ्रीझर उघडला तर आत दुकानातल्या बर्फाच्या दोन पिशव्या. विकणारे आजोबा म्हणाले लिंबू सरबतासाठी आणल्यात. असेल बाबा. मी पिशव्या बाहेर काढायला लावल्या आणि दीड तासाने थर्मामीटर ५५ वर.

मग बाहेर जाऊन फ्रीजच्या मागची जाळी उघडायची, दोन-तीन नुसते फिरवायचे खटके असतात, आणि टॉर्च मारायचा. तिथे पिवळी पावडर दिसली की विषय संपला. मला पहिल्यांदा दिसली तेव्हा वाटलं हळद सांडलीये! नळीला गंज लागू नये म्हणून आत सोडियम क्रोमेट घालतात, नळी गळाली की तेच बाहेर येऊन वाळतं. हात लावू नका, विषारी असतं ते. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तरी तेच. कूलिंग युनिट बदलायचं म्हणजे चार आकडी डॉलर, त्यात मजुरी वेगळी. अजून एक, फ्रीजच्या आत स्टिकरवर मॉडेल नंबर असतो त्याचा फोटो काढा आणि सरकारच्या एनएचटीएसए ह्या वाहन सुरक्षा खात्याच्या साइटवर रिकॉल बघा. डोमेटिकच्या काही जुन्या फ्रीजना २००६ मध्ये आणि नॉरकोल्डच्या १२०० सिरीजला २०१० मध्ये आगीच्या धोक्यामुळे रिकॉल होता, तो भाग दुरुस्त झालाय का ते कागदावर दाखवा म्हणायचं. नव्या गाड्यांत १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रीज येतात ते पटकन गार होतात पण बॅटरी खातात, त्यामुळे तिथे बॅटरी किती आणि किती जुन्या हे विचारा. आणि हो, गॅसवरच्या फ्रीजलाही त्याच्या बोर्डापुरता १२ व्होल्ट लागतोच, बॅटरी मेली की गॅस भरलेला असून फ्रीज बंद.

आता चहा. पंप चालू करून नळ सोडायचा, सुरुवातीला फुरफुर करत हवा येते, ते चालतं. पातेलं भरलं की नळ बंद करून गप्प उभं राहायचं. पंप दोन-चार सेकंदांत थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. कोणीही नळ उघडलेला नसताना दर दोन-पाच मिनिटांनी घुर्र करून उठत असेल तर कुठेतरी पाणी गळतंय, किंवा पंपाचा व्हॉल्व्ह गेलाय, आणि विकणारा नेहमी व्हॉल्व्हच म्हणणार. नंतर सिंकला बूच लावून काठोकाठ भरायचं आणि एकदम सोडायचं. बारीक धारेत जे सांधे गळत नाहीत ते एकदम लोंढा आला की गळतात. त्या वेळी तुमचं डोकं सिंकखालच्या कपाटात पाहिजे, टॉर्च घेऊन. तिथेच उंदराच्या लेंड्या, फुगलेलं प्लाय, काळी बुरशी, सगळं एकाच नजरेत कळतं. सिंकसमोर बूट काढून उभं राहायचं आणि टाचेने जमीन दाबायची, बिस्किटासारखी मऊ लागली तर खाली सडलंय. वरच्या कपाटांच्या आतले कोपरेपण बोटाने दाबा, छतातलं पाणी तिथे आधी उतरतं.

आणि किचन नुकतंच चकाचक केलेलं असेल, पांढरा रंग, भिंतीला चिकटवलेल्या टाइल्स, नवीन लाकडी ओटा, तर मी दुप्पट वेळ लावते. लोक त्या रंगाला भुलून जास्त पैसे देतात. मला तर मळका तपकिरी जुना ओटा बघितला की बरं वाटतं, निदान काही झाकलेलं नाही.

गॅस. काडी लावायच्या आधी नुसता वास घ्या. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो म्हणून डिटेक्टर खाली जमिनीलगत असतो, तो काढून मागची तारीख बघा, पाच ते सात वर्षंच त्याचं आयुष्य असतं, आणि मी २००९ चे पिवळे पडलेले डिटेक्टर अजून भिंतीवर बघितलेत. डिटेक्टर स्वस्तात येतो पण जुना दिसला की कळतं ह्या माणसाने बाकी पण काही बघितलेलं नाहीये. मग सगळे बर्नर पेटवा. ज्योत निळी आणि ठाम पाहिजे. आता खरी परीक्षा, बर्नर चालू ठेवून पाण्याचा हीटर गॅसवर लावा, फ्रीज गॅसवर आहेच, आणि ज्योत दबते का बघा. दबली तर रेग्युलेटर गेलाय किंवा प्रेशर कमी आहे. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं आपल्याकडच्या सिलिंडरसारखंच, पण पूर्ण लाइनची गळती टेस्ट मात्र गेज लावून जाणकाराकडूनच करून घ्यावी.

चहा उकळेपर्यंत पंखा लावायचा. इथे आपली लोकं फसतात. बऱ्याच गाड्यांत शेगडीवरचा हूड धूर बाहेर टाकतच नाही, नुसता जाळीतून फिरवून परत तोंडावर सोडतो. बाहेर टाकणारा असेल तर गाडीच्या अंगावर बाहेरून छोटी झडप असते, तिला दोन खटके असतात आणि ते उघडायचं लोक विसरतात. बाहेर जाऊन हात लावून हवा लागते का बघा. इथल्या अमेरिकन लोकांचं काय, ते अंडं आणि टोस्ट करतात. आपण मोहरी, हिंग, मिरचीची फोडणी घातली की स्मोक अलार्म लगेच ओरडायला लागतो आणि वास पुढचे आठ दिवस सोफ्याच्या कापडात. छताला १४ इंचाचा चांगला पंखा किचनच्या जवळ असेल तर हूडकडे मी दुर्लक्ष करते. शेगडीला लागून पडदा किंवा गादी आहे का तेही बघा.

पातेल्याबरोबर कुकर आणि पोळपाटपण न्या, हसू देत विकणाऱ्याला. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या तेव्हा एक गाडी आम्हाला पसंत पडलेली, त्यांनी पिशवीतून पाच लिटरचा कुकर काढला आणि शेगडीवर ठेवला. वर मायक्रोवेव्ह. शिट्टी आणि मायक्रोवेव्हच्या मध्ये जेमतेम चार बोटं. "वाफ कुठे जाणार गं ही?" बस, एवढंच म्हणाल्या. तीन बर्नर लिहिलेलं असतं पण कुकर आणि कढई एका वेळी बसत नाहीत, तिसऱ्यावर फार तर चहाचं भांडं. पोळपाट ओट्यावर ठेवून लाटण्याची अ‍ॅक्शन करून बघा, कोपर भिंतीला लागतं का. सिंक आणि शेगडीच्या मध्ये पोळपाटाएवढी सपाट जागा नसेल तर रोज जेवणाच्या टेबलावर लाटावं लागणार, आणि टेबलावर पोरं बसलेली असणार.

लेआउटची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. किचन सरकत्या भागात असेल तर तो स्लाइड आत घेऊन बघा, फ्रीज उघडतो का, सिंकपर्यंत पोचता येतं का, बाथरूमला जाता येतं का. हायवेवर रेस्ट एरियात पंधरा मिनिटं थांबून डबा काढायचा तर स्लाइड कोण उघडणार? एका गाडीत स्लाइड आत घेतल्यावर फ्रीजचं दार बरोबर हाताच्या पंजाएवढं उघडत होतं.

करंटचं गणित साधं आहे. ३० अँपची गाडी असेल तर १२० व्होल्टने ३,६०० वॅट, बास. एसी साधारण १,५०० खातो, इंडक्शन १,८०० पर्यंत, त्यात मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. त्यामुळे इंडक्शनवर सगळं करू म्हणणाऱ्यांनी ५० अँपची गाडी बघावी. जनरेटर असेल तर नुसता चालू करून बंद करू नका, एसी आणि मायक्रोवेव्ह दोन्ही लावून अर्धा तास चालवा, दम असेल तर दिसतो. सिंकजवळच्या प्लगचं टेस्ट बटण दाबून करंट तुटतो का तेही बघून घ्या, पाण्याशेजारचा प्लग आहे तो.

एवढं करून गाडी आवडली तर एनआरव्हीआयए ह्या मोटरहोम तपासणाऱ्यांच्या संघटनेचा सर्टिफाइड इन्स्पेक्टर बोलवा, पैसे घेतात पण लेखी रिपोर्ट देतात आणि तो रिपोर्ट दाखवून घासाघीस करता येते. आम्ही तसंच केलं. बाराव्या गाडीत हूडचा पंखा मेलेला, डिटेक्टर मुदत संपलेला, एक बर्नर आळशी, हे सगळं मला चालण्यासारखं होतं कारण फ्रीज ३७ वर होता आणि सिंकखाली ठणठणीत कोरडं होतं.

घरी आणायचा रस्ता आधी बघून ठेवा. आमची गाडी बॉल्टिमोरच्या खालच्या बाजूला होती, आणि तिथल्या बोगद्यांतून एवढा प्रोपेन घेऊन जायला बंदी आहे. पूर्वी लोक ‘की ब्रिज’ नावाच्या पुलावरून वळसा घालायचे पण तो मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून पडला, मग शहराभोवतीच्या ६९५ हायवेच्या पश्चिमेच्या बाजूने पूर्ण फेरी मारून यायचं. फेरीचं काही नाही, पण कपाटांचे आणि ड्रॉवरचे खटके मी ओढून बघितलेच नव्हते, एवढं सगळं बघितलं आणि तेच राहिलं. पहिल्याच एक्झिटच्या वळणावर वरचा ड्रॉवर सटकन बाहेर आला आणि सोसायटी चहाचा अख्खा डबा पुढच्या सीटपर्यंत पसरला. तेव्हा टेस्ट ड्राइव्हला निघण्याआधी ड्रॉवरमध्ये चार जड भांडी टाका आणि डावं-उजवं दोन्ही वळण घ्या.