चेन बदलायची वेळ पट्टी सांगते

पावसाळ्यात वरळी सीफेसवरून सायकल घरी आणली की चेन आधी फडक्याने कोरडी पुसा, मग प्रत्येक रोलरवर, म्हणजे कड्यांमधल्या छोट्या नळीवर, तेलाचा एकेक थेंब. वरचं तेल पुसून टाका, नाहीतर त्यात रेती बसते आणि चेन आतून खाते.

बिनगिअरच्या सायकलच्या चेनमध्ये पिनपासून पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे २४ कड्यांचे बरोबर १२ इंच. स्टीलच्या पट्टीचं शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. ती पिन धरून पंचविसावी पिन १२ इंचांपुढे १/१६ इंच सरकलेली दिसली, की चेन बदला. १/८ पर्यंत रेटलीत तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दातही झिजतात, आणि त्यांवर नवी चेन उड्या मारते. चढावर पेडल अचानक रिकामं फिरतं, ते फार धोक्याचं.

नवी बसवल्यावर मध्यावर बोटाने दाबा: साधारण अर्धा इंच हलायला हवी.